बंद गाडीचा काटा

१

तोंडावर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे आणि पाठ फिरली की पुन्हाबघ. हे नाव कुणी ठेवलेलं नव्हतं, त्यानेच घाम गाळून कमावलेलं होतं. दिवा मालवला, पुन्हा बघ. कडी घातली, पुन्हा बघ. नट आवळला, पुन्हा बघ. माणसं एकदा तोंड पोळलं की पुढे फुंकून पितात. हा तोंड न पोळताच जन्मभर फुंकत आला होता. इतरांच्या मनात शंकेची एखादी पाल चुकचुकते, ह्याच्या मनात पालींचं भरलं बिऱ्हाड नांदत होतं, तेही लेकीसुनांसकट.

बायको म्हणायची, "लग्न ठरवायला आले तेव्हा ह्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं. मला वाटलं प्रेम. मागून कळलं, तपासणी होती."

पण गाड्यांच्या धंद्यात हा रोग म्हणजे अंगचा गुण. पुन्हाबघने बांधलेलं इंजिन पुन्हा त्याच्या दारात आलं नव्हतं. गॅरेज घराला चिकटून होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार ढकललं की एक पायरी, आणि पायरीखाली थेट तेलाचा वास. तिथे सध्या एक राखाडी गाडी उभी होती, आणि ही गाडी गिऱ्हाइकाची नव्हती. ती चिमणीची होती.

चिमणी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. शिकली, उडाली, नोकरी मिळवली. डोंगरातल्या वस्त्यावस्त्यांत जाऊन विहिरी आणि झरे तपासायचे, पाण्याचे नमुने आणायचे. अट एकच: गाडी स्वतःची हवी. सोमवारी हजर व्हायचं होतं, म्हणून रविवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. गाडीचा सांगाडा चांगला होता, इंजिन मात्र गेलेलं. म्हणून मिस्त्रीने भंगारवाल्याकडून दुसरं इंजिन आणलं होतं. ते त्याच्या आवारात अगदी मागे गोणपाटाखाली पडलेलं होतं.

"कुठल्या गाडीचं रे हे?" मिस्त्रीने विचारलं होतं.

"गाडी कुठे आली? नुसतं इंजिनच आलं," भंगारवाला म्हणाला होता, आणि घासाघीस न करता देऊन टाकलं होतं. पुन्हाबघला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण बाप म्हटला की चांगल्या मालासमोर आंधळा होतो. इंजिन आतून इतकं स्वच्छ होतं, की कुणीतरी चाटूनपुसून ठेवलंय असं वाटावं.

२

शनिवारी सकाळी नव्याने बांधलेल्या इंजिनाची परीक्षा होती.

इंजिन खोलून पुन्हा बांधलं की लगेच चालू करायचं नसतं. आतले सगळे पार्ट कोरडे असतात. तेल पोचायच्या आत ते फिरले तर आठवड्याचं काम घटकेत भस्म. म्हणून आधी प्लग काढायचे, तेलाच्या वाटेवर दाब दाखवणारा मीटर जोडायचा आणि नुसता सेल्फ मारायचा. पंप तेल वर ढकलतो, मीटरचा काटा उठतो. काटा उठला की समजायचं, इंजिनाच्या नसानसांत तेल पोचलं.

मिस्त्रीने मीटर तारेने बॉनेटला टांगला, म्हणजे गाडीत बसून काचेतून दिसेल. सेल्फ मारला. इंजिन घरघरलं. काटा थरथरला आणि नीट वर चढला. त्याने खाली उतरून पाहिलं, पुन्हा पाहिलं, प्लग बसवले आणि गाडी चालू केली. आवाज असा, की पाळण्यातलं पोर जागं होऊ नये.

गाडी बंद केली. काटा खाली आला. शून्यावर टेकला.

आणि जरासा उठला.

मिस्त्रीने काचेवर टिचकी मारली. काटा तिथेच. इंजिन बंद, पंप बंद, मग दाब देतंय कोण? बेअरिंग नवी आहेत, तेल घट्ट आहे, नळीत हवा अडकली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. स्वतःचं म्हणणं त्याला पटायचं फार क्वचित. तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि चिमणी चहा घेऊन आली.

"काय बाबा, पास झालं का बाळ?"

"अजून तपासतोय."

"पुन्हा?"

"पुन्हा."

तिने हसून कप मडगार्डवर ठेवला आणि बॉनेटच्या कडेवर तळहात टेकून उभी राहिली. मिस्त्रीने मीटरकडे पाहिलं. काटा निम्म्यावर होता.

३

आता अशा वेळी संशय कुणावर घ्यायचा ह्याचा त्याला विचार करावा लागत नसे. बायकोचा धाकटा भाऊ होता ना हाताशी. चिमणीचा मामा. हा गृहस्थ पोट भरायला पत्रे ठोकायचा, पण खरा धंदा लोकांची चेष्टा करण्याचा. एकदा त्याने मिस्त्रीच्याच गाडीच्या सायलेन्सरमध्ये शिट्टी बसवली होती, आणि पुन्हाबघ बरेच दिवस गल्लीतल्या प्रत्येक पोराचे खिसे तपासत हिंडत होता.

मामा आला तोच हसत. "बोलावलंत दाजी? इंजिन बांधलं आणि एक नट उरला वाटतं."

"मीटरला काय केलंयस?"

"कुठल्या?"

"हे बघ, उद्या पोरगी एवढ्या घाटातून जाणार आहे. आज चेष्टा नको. काय लपवलंयस ते काढ."

मामाने मीटर पाहिला, नळी पाहिली, वाकून गाडीखालीही पाहिलं. "दाजी, तुमची शपथ, मी काही केलं नाही. आता वाटतंय करायला हवं होतं, तुमचा चेहरा बघण्यासारखा झालाय."

"मग काटा वर कसा?"

"कुठेय वर?"

काटा शून्यावर होता. चिमणी तेव्हा दुकानात गेली होती. पण हे त्या दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मिस्त्रीने तरी मीटर बदलला. नवा, डब्यातला, मामाच्या हाताचा वाराही न लागलेला. थोड्या वेळाने नवा मीटरही उठला. मामा म्हणाला, "आता ह्या डब्यातही मी आधीच जाऊन बसलो होतो म्हणा." मिस्त्रीने खरंच त्याच्याकडे तसं बघितलं.

४

दुपारी त्याने तेलाची पट्टी ओढून पाहिली. सकाळी तेल वरच्या खुणेला होतं. आता खालच्या खुणेच्याही खाली.

गळती? इंजिनाखाली त्याने कोरा पुठ्ठा अंथरला होता. त्याच्यावर धूळ सोडून काही नव्हतं. त्याने पुठ्ठा नाकाशी धरला, पालथा केला, नखाने खरवडला. कोरडा. सायलेन्सरमध्ये बोट घातलं, रेडिएटरचं पाणी पाहिलं. सगळीकडे स्वच्छ. इंजिन चालू होतं तेही पळी-दोन पळी तेल जाळेल इतकाच वेळ, आणि नवं इंजिन तेवढंही जाळत नाही.

त्याने डबा उपडा करून तेल भरलं. तेल आत जाताना एक आवाज झाला. तेल ओतताना गळगळ होतेच, पण ती डबा थांबला की थांबते. ही थोडी मागे रेंगाळली. तहानलेला माणूस तांब्या खाली ठेवल्यावरही एक घोट गिळतो, तशी.

मग त्याने मीटरची नळीच सोडवली. दाब खरा असता तर त्या भोकातून तेलाची पिचकारी उडायला हवी होती. एक थेंब आला नाही. सवयीने त्याने भोकावर अंगठा टेकवला.

आतून ओढ लागली.

जोराची नव्हे. वासराच्या तोंडात बोट दिलं की ते चोखतं ना, ओलं, उबदार, मध्ये श्वास घेत घेत, तसं. मिस्त्रीने अंगठा काढला नाही, कारण काढला तर खरं मानावं लागलं असतं. तो हिशेब करत राहिला. मीटर म्हणतो आतून बाहेर दाब आहे. अंगठा म्हणतो बाहेरून आत ओढ आहे. दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि पंचाईत अशी, की अंगठा त्याचा स्वतःचा होता.

स्वयंपाकघरातून चिमणीचं हसणं ऐकू आलं. ओढ एकदम वाढली. त्याने हिसका मारून अंगठा सोडवला. टोक पांढरं पडलं होतं, सुरकुतलेलं, आंघोळीला फार वेळ लावल्यासारखं. तेलाचा डाग एवढासाही नव्हता.

५

तेव्हा कुठे पुन्हाबघच्या डोक्यात लख्ख झालं. त्याने नळी परत बसवली आणि एक डाव टाकला.

"चिमणे, कोपऱ्यावरून दोरीचं बंडल आण जरा."

"सकाळीच आणलं ना?"

"अजून एक आण."

ती सायकल काढून गेली. सायकलच्या पायडलची करकर गल्लीत लांब लांब होत विरली. मिस्त्री शटर खाली ओढून, मागचं दार लावून मीटरसमोर स्टुलावर बसला. काटा सावकाश उतरत शून्यावर आला आणि मेल्यासारखा पडला. गॅरेजात फक्त नळाची टपटप. त्याने बायकोला हाक मारली, तिला गाडीला हात लावायला सांगितलं.

"का? विजेचा झटका देताय काय म्हातारपणी?" म्हणत तिने लावला. काटा मेलेला. तिच्यामागून आलेल्या मामालाही लावायला सांगितलं. मेलेला.

"काय चाललंय दाजी?"

"गप्प बस आणि काट्याकडे बघ."

तिघं बघत राहिले. बाहेर काहीच आवाज नव्हता. आणि काटा उठला. आधी डोळा किलकिला करावा तसा, मग सरळ वर. मिस्त्रीने शटरला कान लावला, अजून काही ऐकू येईना. मग गल्लीच्या तोंडाशी पायडल करकरलं, जवळ आलं, शटरवर थाप पडली. "बाबा, दुकान बंद आहे."

बायको म्हणाली, "काही कळत नाही बाई तुमचं यंत्र," आणि गॅसवर काही ठेवल्याची आठवण होऊन आत गेली. मामा मात्र जागचा हलला नाही. एवढी सोन्यासारखी संधी समोर असून तो एक शब्दही बोलला नाही. आणि मिस्त्रीला काट्यापेक्षा ह्याचीच धास्ती जास्त वाटली. जो माणूस मयतातही कोपरखळी मारायचा, तो गप्प झाला होता.

चिमणी आत आली ती थेट गाडीचं दार उघडून बसली. मिस्त्री "थांब" म्हणेपर्यंत तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मग तिने मधला आरसा स्वतःकडे वळवला आणि त्यावर नखाने दोनदा वाजवलं, टक टक. ही तिची गाडी शिकताना लागलेली खोड. आरसा जागेवर आहे की नाही ते बापाने पुन्हा पुन्हा बघायला लावलं, त्यातून आलेली.

"सीट गरम आहे हो, बाबा. उन्हात होती का?"

गाडीने तो आठवडाभर ऊन पाहिलं नव्हतं. काटा शेवटच्या आकड्याला जाऊन भिडला होता आणि तिथेच धडधडत होता.

"उतर खाली."

"बसू द्या ना जरा. बरं वाटतंय."

"उतर म्हणतो ना."

तिला उतरायला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याहून जरा जास्तच लागला. खाली आल्यावर तिने तळहात पाहिले. त्यांवर ताज्या काळ्या तेलाची गोल रेघ उठली होती. मिस्त्रीने पांढऱ्या फडक्याने स्टिअरिंग पुसलं. फडकं पांढरंच राहिलं.

६

"ह्या गाडीने तू जाणार नाहीस," रात्रीच्या जेवणाला त्याने सांगितलं.

ताटावर हात थांबले. चिमणी म्हणाली, "काय बिघडलंय?"

आता काय सांगायचं? उभा जन्म प्रत्येकाला कारण विचारत आलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. "तेलाचा दाब बरोबर नाही," तो म्हणाला.

"कमी आहे?"

"जास्त आहे."

"चालू असताना?"

"बंद असताना."

चिमणीने चमचा खाली ठेवला. "बाबा, सरळ सांगा. मी जायला नको आहे ना तुम्हाला? गाडी नसली तर सोमवारी ते दुसऱ्या कुणाला घेणार. माहीत आहे तुम्हाला."

"मला वाटलंच होतं," बायको म्हणाली. "दाब इंजिनाचा नाही, ह्यांच्या जिवाचा वाढलाय. दोरी आणायला काय पाठवतात, गाडीला हात काय लावायला सांगतात. अहो, भावाला माझ्या नावं ठेवता, आणि स्वतः हे उद्योग?"

म्हणजे आता संशय पुन्हाबघवरच. आणि गंमत बघा, त्याला स्वतःलाही आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पोरगी जाऊ नये असं त्याच्या पोटात कुठेतरी होतंच की. डोळे बघायचं तेच बघतात. हात करायचं तेच करून जातात, आणि मालकाला पत्ता नसतो. त्याने अंगठ्याकडे पाहिलं. टोक अजून सुरकुतलेलंच होतं.

"माझी गाडी घेऊन जा," मामा म्हणाला.

सगळ्यांनी मान वळवली. मामाची गाडी म्हणजे गावाची करमणूक होती. तिचं डावं दार दोरीने बांधलेलं आणि उजवं निव्वळ विश्वासावर टिकलेलं.

"मामा, चेष्टा नको रे."

"चेष्टा नाही. तुझ्या नावावर करून देतो. खडखडते, पण बंद केली की बंद असते." एवढं बोलून तो ताटाकडे बघत राहिला. चिमणीने आधी मामाकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. दोघं एकाच बाजूला बसलेले तिने जन्मात पाहिले नव्हते.

७

रविवारी सकाळी ती निघाली. तोंड अजून फुगलेलं होतं, तरी गाडीत बसल्यावर आरसा वळवला, टक टक केलं आणि काच खाली घेऊन म्हणाली, "सगळं घेतलंय. पुन्हा बघू नका."

मिस्त्रीने तरी चारी चाकं पाहिली. मग गाडी खडखडत वळणाआड गेली आणि तो जवळजवळ धावत गॅरेजात आला.

काटा उतरत होता. सावकाश, नाखुशीने, पोर बोट सोडतं तसा. ती पुलाशी असेल तेव्हा निम्म्यावर. मोठ्या रस्त्याला लागली असेल तेव्हा पाव. मग शून्य.

मामा दारात उभा होता. "दाब गेला?"

"गेला."

दोघांनी मिळून इंजिनातलं तेल उतरवलं. ओतलं होतं त्याच्या चतुर्थांशही निघालं नाही. बाकीचं कुठे, हे विचारायचं नाही असं दोघांनी न बोलता ठरवलं. प्लग काढले, बॅटरी काढून भिंतीशी ठेवली, दारांना कुलपं घातली. मिस्त्रीने गाडीचा मधला आरसा आधीच सरळ करून ठेवला होता. उद्या भंगारवाल्याला बोलवायचं आणि उचलून न्यायला सांगायचं, काही न घेता.

"मीटर?" मामाने विचारलं.

"राहू दे. बघायला बरा."

८

दिवेलागणीला फोन वाजला. मिस्त्री गॅरेजातच होता, हात पुसत.

"बाबा, पोचले."

"नीट?"

"नीट. घाटात एक दार उघडलं, पण मामाने सांगितलं होतं, उघडलं की ओरडायचं. ओरडले, लागलं." ती हसली. राग गेला होता. "खोली छान आहे. खिडकीतून टेकडी दिसते. उद्या आठला हजर व्हायचंय."

मिस्त्रीही हसला. कधी नव्हे तो मोकळा हसला, आणि हसता हसता त्याची नजर सवयीने वर गेली.

काटा शून्यावर नव्हता.

तेल नाही, प्लग नाहीत, बॅटरी भिंतीशी. काटा किलकिला झाला आणि उठू लागला.

"चिमणे, तू कुठे आहेस?"

"खोलीत. सांगितलं ना आत्ता."

"नक्की?"

"बाबा, पुन्हा बघू नका हो. पोचलेय मी."

आधी काटा, मग पायडल, मग ती. हाच क्रम होता. त्याने अर्ध्या शटरखालून गल्लीत पाहिलं. गल्ली रिकामी. कुणी येत नव्हतं. काटा निम्म्यावर आला, निम्म्याच्या पुढे गेला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की येणारं प्रत्येक वेळी बाहेरूनच येईल हे त्याचं त्यानेच गृहीत धरलेलं होतं.

मागे गाडीच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली.

त्याने एकदाच पाहिलं. काचेवर संध्याकाळ साचली होती, तिच्यामागे काही नीट दिसत नव्हतं. फक्त मधला आरसा, त्यानेच सरळ केलेला, हळूहळू ड्रायव्हरच्या बाजूला वळत होता. वळून थांबला.

टक. टक.

"बाबा," फोनमधून चिमणी म्हणाली, आवाज बारीक करून, "आरशावर कोण वाजवतंय?"

पुन्हाबघ मिस्त्रीने फोन कानाशी दाबून धरला आणि तोंड भिंतीकडे केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पुन्हा बघितलं नाही.

स्वयंपाकघराचं दार करकरलं. उजेडाची पट्टी पायरीवर पडली, आणि बायकोचा आवाज आला, आनंदाने भरलेला. "चिमणे, आलीस का गं परत?"

फोन गप्प होता. पलीकडे चिमणीही कान देऊन ऐकत होती, उत्तर कोण देतंय ते.